बीप वाजायच्या आत

यंदा थंडी उशिरा आली. कापसाची दुसरी वेचणी उरकली, तुरी शेंगांनी वाकल्या, ज्वारी पोटरीत आली, तरी गोधड्या पेटीतच होत्या. आणि परवा सकाळी शाळेत शिकवायला निघाले, तर स्कूटीची सीट दवानं ओली झालेली. फडक्यानं पुसताना बोटं वाकेनात. म्हटलं, आली बाई एकदाची.

बीडहून नेकनूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या वेळी पोरी पळत असतात. भरतीच्या तयारीच्या. कुणाच्या अंगात भावाचा टी-शर्ट, कुणाच्या कानाला आईचा स्कार्फ. तोंडातल्या वाफा मागं सोडत त्या ओळीनं जातात. त्यातली एक कडेला थांबली होती, वाकून, गुडघ्यांवर हात टेकून. मी स्कूटी हळू केली. इंजिनाचा आवाज उतरला तसा तिचा श्वास ऐकू आला. साधा दम लागला होता. श्वास मोकळा होता, सरळ आत-बाहेर जात होता. मी पुढे निघाले.

लोकांना पळणाऱ्या पोरींचे पाय दिसतात. मला आधी त्यांचा श्वास ऐकू येतो. ही खोड मला एका हिवाळ्यानं लावली. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण सीट ओली दिसली की तो हिवाळा दारात येऊन उभा राहतोच.

तेव्हा मी बीडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं गाव नेकनूरजवळ. पहिल्या एसटीनं जायचं. खिडक्यांच्या काचा कधी पूर्ण लागायच्या नाहीत, त्या फटीतून येणारा वारा बरोबर कानशिलावर बसायचा. मी ओढणी नाकावरून घट्ट घ्यायचे. सगळे म्हणायचे, करुणाला थंडी सोसत नाही. मीही तेच म्हणायचे. दिवाळी सरली की माझी छाती जड व्हायची, जिना चढताना वर्गाच्या दारात थांबून मी उगाच चपलेचा बंद नीट करायचे. त्या चपलेला बंद नव्हता हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

ज्योतीच्या आलं असावं. ज्योती माझी मैत्रीण, कॉलेजच्या हॉस्टेलवर राहायची. तिचे आई-बाप दिवाळी झाली की ऊसतोडीला कोल्हापूरकडे जायचे, ते उन्हाळा लागल्यावर परतायचे. तिला पोलीस व्हायचं होतं. ती बोलता बोलता पळायची आणि पळता पळता बोलायची. त्या वर्षी आमच्याकडे खेळाच्या नव्या मॅडम आल्या, शेळके मॅडम. ट्रॅक पँट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून त्या ग्राउंडवर यायच्या तर पहिला आठवडाभर पोरं कुंपणावर बसून नुसती बघत राहिली. मॅडमनी एके दिवशी त्या सगळ्यांना आत बोलावलं आणि ग्राउंडवरचे बाभळीचे काटे वेचायला लावले. दुसऱ्या दिवशी कुंपण मोकळं होतं.

मॅडमनी नोटीस लावली, ज्या मुलींना यायचं आहे त्यांनी सकाळी ग्राउंडवर यावं, दम किती आहे ते बघायचं आहे. ज्योतीनं मला हाताला धरून नेलं.

"मला कावून नेती? मला कुठं पोलीस व्हायचंय?"

"मला सोबत कोण हाय दुसरं? अन् पळल्यावर थंडी जाती, चल."

जमिनीवर फक्कीनं दोन समांतर रेघा मारल्या होत्या, वीस मीटरच्या अंतरावर. कडेला चुना फासलेल्या विटा. एका खुर्चीवर छोटा स्पीकर. आम्ही तेवढ्याकडे बघून हसलो, कारण परीक्षा म्हटल्यावर काहीतरी मोठं मांडलेलं असेल असं वाटलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "मोठ्या शहरात यासाठी यंत्र असतं. तोंडाला मास्क लावतात, फिरत्या पट्ट्यावर पळवतात आणि शरीर किती प्राणवायू वापरतंय ते मोजतात. आपल्याकडे वीस मीटर जमीन आहे आणि हा स्पीकर आहे. यावरूनही अंदाज निघतो, आणि तो बऱ्यापैकी खरा असतो. बीप वाजली की निघायचं. पुढची बीप वाजायच्या आत समोरच्या रेघेला पाय लागला पाहिजे. परत फिरायचं. बीपा हळूहळू जवळ जवळ येत जातील. लागोपाठ दोनदा उशीर झाला की बाहेर यायचं."

"म्याडम, नापास झालं तर?" ज्योतीनं विचारलं.

"यात नापास नसतं. जिथवर पोचलीस तिथवर तुझा आकडा."

आम्ही रांगेनं उभ्या राहिलो. ओढण्या खांद्यावरून तिरक्या घेऊन कमरेला गाठी मारलेल्या. एक-दोघींच्या पायांत कॅनव्हासचे बूट, बाकीच्या अनवाणी. पहिली बीप वाजली. सुरुवातीला इतका वेळ मिळायचा की समोरच्या रेघेवर पोचून आम्ही एकमेकींना ढकलत होतो, हसत होतो. "हे तर पानी भरायला जाताना बी याच्यापेक्षा लवकर जातो," असं कुणीतरी म्हणालं. मग हसणं कमी झालं. मग नुसते पाय वाजायला लागले. बीपा कुणी मागं लागल्यासारख्या जवळ येऊ लागल्या.

मी सगळ्यांत आधी बाहेर पडले. पाय दुखत नव्हते, पोटात गोळा आला नव्हता. छातीत हवा जायला जागाच उरली नव्हती. ग्राउंडच्या कडेच्या लिंबाखाली येऊन बसले. वाटलं, थांबल्यावर बरं होईल. बाकीच्या मुली एकेक करून बाहेर येत होत्या, धापा टाकत होत्या, आणि थोड्या वेळानं पाणी पिऊन बोलायला लागत होत्या. माझं उलटं होत होतं. थांबल्यावर जास्त आवळत चाललं. छातीतून शिट्टी वाजायला लागली, बारीक, दाराच्या फटीतून वारं यावं तशी.

मॅडम स्पीकर तसाच वाजत सोडून माझ्याजवळ आल्या. त्यांनी मातीत गुडघा टेकवला आणि माझ्या पाठीला कान लावला.

"हे कधीपासून?"

मी शब्द एकेक करून बाहेर काढला. "थंडीत व्हतं म्याडम. आमच्या घरी व्हतंच."

"घरी आणखी कुणाला?"

"आण्णांना. माझ्या वडलांना."

मॅडम माझा श्वास जागेवर येईपर्यंत माझ्या पाठीवर हात ठेवून तिथंच बसल्या. तोवर ज्योती एकटीच पळत होती, रेघेपासून रेघेपर्यंत, बाकी सगळं ग्राउंड रिकामं. शेवटी तीही बाहेर आली आणि पहिल्यांदा माझ्याकडे धावली. मॅडमनी तिचा आकडा सांगितला. मग माझ्याकडे वळल्या.

"तुझा आकडा मी लिहीत नाही करुणा. आज छातीनं तुला पळूच दिलं नाही. तू किती पळू शकतेस ते आपल्याला अजून माहीतच नाही."

मला कुणी तोवर असं सांगितलं नव्हतं. मी काय करू शकत नाही ते सगळ्यांना ठाऊक होतं. काय करू शकते ते अजून बघायचं राहिलंय, हे नवीन होतं.

मॅडम मला त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात घेऊन गेल्या. डॉक्टरबाईंनी एक नळी तोंडात देऊन जोरानं फुंकायला लावलं. नळीवरचा काटा थोडासा हलला आणि थांबला. मग वाफेचं औषध दिलं, थोड्या वेळानं परत फुंकायला लावलं. काटा वर सरकला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दमा आहे. घाबरायचं नाही. रोजचा एक पंप, आणि पळायच्या आधी हा दुसरा. नीट घेतलंस तर पळशील."

दमा. आपल्या भाषेत दम हा किती कौतुकाचा शब्द आहे. माणसात दम पाहिजे. जरा दम धर. गोष्टीत दम आहे. त्यालाच एक काना जोडला की तो शब्द घराच्या आत, दार लावून बोलायचा होतो.

आमच्या घरी तर तो कधी उच्चारलाच गेला नव्हता. मी सांगितलं तेव्हा माय चुलीपुढं होती. तिच्या हातातली भाकर परातीतच राहिली.

"पंप? पंप तर म्हाताऱ्या माणसाला लावत्यात. त्याची सवय लागती म्हणं. सुटत न्हाई."

"सवय न्हाई लागत माय. डाक्टरबाईंनी सांगितलंय."

"डाक्टरबाईला काय जातंय सांगायला? उद्या तुला बघायला लोक येतील. खालच्या आळीतली ती पोरगी ह्याच्यापायीच माहेरी आलीय. कुणाला दावू नको, बोलू नको."

आण्णा नुकतेच कामावरून आले होते. कापसाच्या जिनिंगवर ते गाठी उचलायचं काम करायचे. भुवयांवर, मिशांवर, कानाच्या पाळीवर कापसाचे तंतू अडकलेले असायचे, संध्याकाळच्या उजेडात ते पांढरे दिसायचे. ते ओसरीवर बसून एकेक तंतू बोटानं काढत होते. आमचं सगळं त्यांना ऐकू जात होतं. ते फक्त थोडं खोकले, आणि तो खोकलाही त्यांनी उपरण्यात दाबला.

मायनं पंप टाकून दिला नाही, एवढं खरं. तिनं तो पत्र्याच्या कोठीत, ज्वारीच्या आत पुरून ठेवला. रोज सकाळी कोठीत कोपरापर्यंत हात घालायचा, गार ज्वारीतून पंप हुडकून काढायचा, गोठ्यात जाऊन घ्यायचा, गुळण्या करायच्या, परत पुरायचा. म्हैस माझ्याकडे शांतपणे बघत राहायची. दुसरा पंप दप्तरात असायचा. ग्राउंडवर तो घेताना ज्योती माझ्यापुढं ओढणी पसरून उभी राहायची.

"पडदा कावून धरती?" मी एकदा विचारलं.

"तू लाजती म्हणून. तू लाजायचं सोड, मी पडदा सोडते."

आणि मग तो हिवाळा मला पहिल्यांदा भेटला. खरं म्हणजे तोवर मी कुठलाच हिवाळा नीट हुंगला नव्हता. ओढणीतून आणि अर्ध्या श्वासातून जेवढा आत यायचा तेवढाच. आता एसटीतून उतरून कॉलेजकडे चालताना सगळं एकदम यायला लागलं. शेकोटीत जळणाऱ्या तुराट्यांचा वास. हातगाडीवरच्या चहातलं आलं. कुणाच्या तरी घरी येसुराचा मसाला भाजत असल्याचा ठसका, जो आधी मला घराबाहेर पळवायचा. रविवारी शेतात गेले की हरभऱ्याच्या पाल्यावर आंब धरलेली असायची. पाला खुडून तोंडात टाकला की ती आंबट-खारट चव जिभेवर यायची आणि तिचा वासही नाकात शिरायचा. आमच्या शेजारच्या शेतात हुरडा भाजत होते, तर मी तिथं धुराजवळ उभी राहिले. जरा वेळच. पण उभी राहिले.

मॅडम आम्हाला रोज पळवत नव्हत्या. कधी नुसतं भराभर चालायचं, कधी रेघेपासून रेघेपर्यंत सावकाश पळून परत चालत यायचं. कधी सगळ्या ग्राउंडला फेऱ्या मारायच्या आणि बारा मिनिटांत कोण किती लांब जातं ते बघायचं. मला ते आवडायचं नाही, त्यात शेवट दिसत नाही. बीपेचं बरं असतं. समोर रेघ दिसते. एवढंच गाठायचं, मग पुढचं पुढं.

ज्योतीचे आई-बाप अधूनमधून फोन करायचे. एकदा आम्ही ग्राउंडवरच होतो. ज्योतीनं फोनचा स्पीकर लावला. पलीकडून कोयत्यांचा आवाज, कुणाच्या तरी बैलाच्या घुंगरांचा आवाज, आणि त्यातून तिच्या आईचा.

"काय करती गं?"

"पळती माय. ती परीक्षा हाय, बीपेची."

"कसली परीक्षा?"

ज्योतीनं फोन उचलून खुर्चीवरच्या स्पीकरजवळ नेला. "ऐक. हे वाजायच्या आत पोचायचं असतंय."

तीन-चार बीपा त्या बाईनं कुठल्या तरी उसाच्या फडात उभं राहून ऐकल्या. मग म्हणाली, "पोचतीस का तू वाजायच्या आत?"

"पोचती की."

"मग झालं." आणि जरा थांबून, "जेवून पळत जा."

ज्योतीनं फोन बंद केला आणि कितीतरी वेळ बुटाची नाडी बांधत राहिली. तिच्या बुटाला खरीच नाडी होती.

सुटीच्या एका दिवशी मला बघायला पाहुणे आले. आमच्यात पौष वगैरे बघत नाहीत, त्यामुळे थंडीतच बोलणी चालतात. मुलगा पुण्याकडे कंपनीत होता. मुलगा, त्याची आई आणि त्याचा मामा, असे तिघं आले. "जय भीम, जय भीम" झालं, सतरंजीवर बसले. मायनं सकाळपासून घर सारवून, पुसून काढलं होतं. कोठीवर स्वच्छ चादर टाकली होती. पंप आत, ज्वारीत.

मी पोहे घेऊन गेले. मामानं शिक्षण विचारलं, उंची विचारली, भाकरी येतात का विचारलं. मग म्हणाला, "जरा त्या भिंतीपास्नं दारापर्यंत चाल बरं बाई."

मी चालले. दारापाशी पोचून वळले आणि परत आले. अंगावर निळी साडी, हातात मायच्या बांगड्या. मला एकदम ग्राउंड आठवलं. हेही माझा अंदाजच काढत होते. पण मॅडम मला पळायला लावून बाजूला उभ्या राहायच्या, मी आणखी किती जाईन या उत्सुकतेनं. इथं सगळे माझ्यात काय कमी आहे तेवढं शोधत होते. कुणी वाईट नव्हतं त्यात. मामाला तसंच बघायला शिकवलं होतं, एवढंच.

"तब्येतीची काय तक्रार?" मामानं विचारलं.

माय झटकन पुढं झाली. "न्हाई न्हाई. काटक हाय पोरगी. कालेजात पळायला जाती."

"वा," मामा म्हणाला.

आण्णा तोवर एका बाजूला बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. बशीचा आवाज झाला.

"दमा हाय तिला," ते म्हणाले.

माय जागच्या जागी थिजली. आण्णा सतरंजीकडे बघत बोलत होते, पण आवाज सरळ होता.

"औषध चालू हाय. ती पळती, ते खरं हाय. औषध घेऊन पळती. पर दमा हाय. अन् मलाबी हाय. लहानपणापास्नं हाय. तिला माझ्याकडूनच आला आसंल. माझ्या लग्नात माझ्या बापानं हे झाकलं. हिच्या घरच्यांना सांगितलं न्हाई." त्यांनी मायकडे मान वळवली. "हिला लग्नानंतर पयल्या थंडीत कळालं. ती तवा काय बोलली न्हाई, आजपर्यंत बोलली न्हाई. पर मला त्ये रोज आठवतं. म्हणून मी सांगाया लागलो."

 मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता. मामानं चहा संपवला, "कळवतो" म्हणाला. जाताना मुलाची आई उंबऱ्यात थांबली. माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "जप बाई." तिचा हात उबदार होता. त्यांचा निरोप नंतर कधी आला नाही.

ते गेल्यावर माय चुलीपुढं जाऊन बसली. पाठ आमच्याकडे.

"तुमाला कुणी इचारलतं का?"

"त्यानं इचारलं की," आण्णा म्हणाले. "तब्येतीचं इचारलं त्यानं."

मायला रडता रडता हसू आलं आणि त्याचा तिला जास्तच राग आला. थोड्या वेळानं ती उठली. कोठीवरची चादर ओढून काढली, ज्वारीत हात घातला, पंप बाहेर काढला. त्याच्या खाचेत दोन-चार दाणे अडकले होते. ते तिनं नखानं काढले, पदरानं पंप पुसला आणि भिंतीवरच्या फळीवर, बाबासाहेबांच्या फोटोखाली, कंगव्याशेजारी ठेवून दिला. त्यानंतर तो तिथंच राहिला.

आज हे लिहिताना वाटतं, त्या दिवशी आमच्या घरात कुणाचं लग्न मोडलं नाही, एक जुनं लग्न जरा नीट झालं. पुढं माझंही झालं. नवऱ्याला मी पहिल्याच भेटीत सांगितलं, त्यानं विचारायच्या आत. तो म्हणाला, "मला चष्मा आहे." एवढंच. ज्योती आता दुसऱ्या जिल्ह्यात पोलिसात आहे. मॅडमची बदली झाली. कधीतरी फोन येतो तर आधी विचारतात, "पळतेस का अजून?" मी शाळेतल्या मुलींना फक्कीच्या रेघा मारून देते, खुर्चीवर मोबाईल ठेवते. त्यांनाही आधी हसूच येतं.

पण त्या हिवाळ्याचं अजून थोडं राहिलंय.

थंडी उतरणीला लागली होती तेव्हा मॅडमनी तीच परीक्षा परत ठेवली. आण्णांनी कामावर सुटी टाकली. का ते सांगितलं नाही. सकाळी धुतलेला सदरा घालून, कानाला मफलर गुंडाळून माझ्याआधी एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. कॉलेजात ते पहिल्यांदाच येत होते. ग्राउंडवर आल्यावर लिंबाखाली उभे राहिले. ज्योतीनं त्यांना सगळं समजावून सांगितलं, ते मान हलवत राहिले.

बीप वाजली. यावेळी मी ढकलाढकली केली नाही. सावकाश निघाले, रेघेला पाय लावला, वळले. वळताना दर वेळी आण्णा दिसायचे. आधी ते उभे होते. मग माझ्या बरोबरीनं कडेकडेनं चालायला लागले, इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. मी जशी भराभर जायला लागले तसे तेही पावलं उचलायला लागले. मुली एकेक करून बाहेर पडत होत्या. मागच्या वेळी मी जिथं थांबले होते ते मागं गेलं. मला माझा श्वास ऐकू येत होता, मोठा, खरखरीत, पण त्यात शिट्टी नव्हती. नुसता पळणाऱ्या माणसाचा श्वास. एकदा बीप आधी वाजली, मी पुढच्या वेळी ती गाठली. मग परत चुकली. त्याच्या पुढची गाठायला निघाले आणि मधेच मांड्यांतलं बळ सरलं. मी वाकले, गुडघ्यांवर हात टेकले.

जन्मात पहिल्यांदा माझे पाय थकले होते. छाती अजून तयार होती. मी तशीच वाकलेली, जमिनीकडे बघत हसत होते.

मधल्या मुलींत माझा आकडा आला, धड वर नाही, खाली नाही. मॅडमनी तो सांगितला आणि म्हणाल्या, "हा तुझा." ज्योती अजून पळत होती. मी आण्णांना सांगायला वळले.

ते लिंबाला टेकून बसले होते. मफलर सोडलेला. खांदे वर-खाली होत होते आणि छातीतून तीच शिट्टी येत होती. इतकी वर्षं मी ती ऐकत होते, भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकावा तशी. त्या दिवशी पहिल्यांदा ती मला आण्णांची शिट्टी म्हणून ऐकू आली.

"थंडी हाय," ते म्हणाले.

मॅडमनी त्यांच्यापुढं पाण्याची बाटली धरली. "काका, तुम्ही कधी दाखवणार?"

"आता कशाला म्याडम. निम्मं आयुष्य गेलं."

"निम्मं ऱ्हायलंय की," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हात पुढं केला, मी ओढून त्यांना उभं केलं. तसेच रुग्णालयात गेलो. गाठी उचलणाऱ्या हातांनी त्यांनी ती नळी जपून धरली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "फुंका काका, जोरात." त्यांनी फुंकलं आणि लगेच माझ्याकडे बघितलं.

घरी आल्यावर पंप कसा घ्यायचा ते मी त्यांना शिकवलं. आधी सगळा श्वास सोडायचा, मग तोंडात धरून दाबायचं, हळू ओढायचं, थोडा वेळ आत धरून ठेवायचं. पहिल्यांदा अर्धं औषध हवेतच गेलं. माय बाजूला बसून तूर निवडत होती. "न्हाई जमायचं त्यांला," असं म्हणत होती आणि डोळे मात्र आमच्यावरून काढत नव्हती. पुढं रोज सकाळ-संध्याकाळ तीच त्यांना आठवण करायला लागली.

आठ-पंधरा दिवस गेले असतील, रात्रीचा गारठा अजून सरला नव्हता. एका सकाळी मी उठले तर माय चुलीपुढं बसून एकटीच हसत होती. हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मी विचारलं, काय झालं?

"काय सांगू तुला. मला रात्री जागच आली एकदम. बघते तर तुझ्या आण्णाच्या छातीचा आवाजच न्हाई. लग्न झाल्यापास्नं थंडीत त्यो आवाज ऐकत झोपती मी. एकदम सगळं गप. माझा तर जीवच उडाला. म्हणलं, गेलं का काय माणूस. उठून बसले, अंधारात त्यांच्या नाकापुढं हात धरला."

"मग?"

"मग काय. चालू व्हता की श्वास. गरम गरम. निवांत झोपलतं माणूस." तिनं भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "मला मात्र पुन्हा झोप न्हाई लागली. नुसती बसून ऐकत ऱ्हायले. काहीच ऐकू येत न्हवतं."

तेवढ्यात आण्णा अंघोळ करून आत आले, पंच्यानं डोकं पुसत. आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई," माय म्हणाली. "बसा. भाकर गरम हाय तवर खावा."